गडावर पाणी न्यायचं नाही

गडावर जाताना पाणी न्यायचं नाही, असा आमच्या घरमालकांचा नियम होता. डबा न्या, चादर न्या, पोरांना टोप्या घाला, पण पाण्याची बाटली दिसली की त्यांच्या कपाळाला आठ्या. "लग्नाला जाताना घरून डबा नेतं का कोनी?" ते विचारायचे. "ज्यांनी डोंगराच्या पोटात टाकं खोदलं, त्यांच्या दारात बाटली घेऊन उभं राहायचं? त्यांना काय वाटेल?" टाकं खोदणाऱ्यांना जाऊन शेकडो वर्षं झाली, त्यांना आता काय वाटणार, हे अगदी माझ्या ओठांवर यायचं. पण काकांपुढे बोलायची सोय नव्हती. मग मी एक बाटली टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी लपवायची. सहा वर्षं लपवली. त्यांना ते माहीत असावं असं मला अजून वाटतं.

त्यांचं घर पनवेलच्या खांदा कॉलनीत. मूळचं बैठं, मग वर एक मजला चढवलेला. मागच्या दोन खोल्यांत काका-काकू, पुढच्या दोनमध्ये आम्ही, आणि वर एक भाभी, आपले दोन मुलगे घेऊन. भाभींचा नवरा कुवेतला असायचा. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक जे जे विचारतात त्यातलं काकांनी काहीच विचारलं नाही. नोकरी कुठे, आडनाव काय, मासमच्छी करता का, काही नाही. ओट्यावर मांडी घालून बसले होते, तिथूनच म्हणाले, "कुठल्या पान्यावर वाढलात?"

मी गोंधळले. माझं माहेर साताऱ्याकडचं. म्हटलं, "विहिरीच्या."

"आड, का पायऱ्यांची?"

"पायऱ्यांची."

"वा! वा!" म्हणत ते माझ्या नवऱ्याकडे वळले. तो माणदेशातला. खोटं बोलायला जमत नाही त्याला. "टँकरच्या," म्हणाला. काकांचा चेहरा असा काही पडला की मला वाटलं, गेली खोली हातची. पण त्यांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे," म्हणाले, "तुमची काय चूक त्यात?" त्या दिवसापासून मी विहीरबाई आणि हा टँकरराव. "काय विहीरबाई, चहा टाकला का?" अशी हाक ते भर गल्लीत मारायचे. माझी आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा तिला वाटलं, हे माझं सासरचं नाव की काय. भाभींचं माहेर जुन्या पनवेलातलं, आणि त्यांच्या गल्लीतली पाण्याची लाइन काकांनीच टाकलेली. "म्हनजे माझ्याच पान्यावर वाढलीस तू!" असं म्हणून त्यांनी भाभींना तिथल्या तिथे मुलगी करून टाकलं होतं.

काका पाणीखात्यात होते. पस्तीस वर्षं. साहेब वगैरे नाही, फिटर. पण जमिनीखालची गळती शोधावी ती त्यांनीच. त्यांच्याकडे एक चार फुटी लोखंडी सळई होती. एका टोकाला लाकडाचं गुळगुळीत बोंड. टोक रस्त्यावर टेकवायचं, बोंड कानाला लावायचं, डोळे मिटायचे. खाली पाइप फुटला असेल तर पाण्याचा आवाज सळईतून वर येतो. मग काका खडूने रस्त्यावर फुली मारत. "इथं खोदा. दोन हात." आणि दोन हातांवरच सापडायचं. काकू सांगायच्या, एकदा भर बाजारात मोठी लाइन फुटली आणि नेमकी तिथूनच एक वरात चाललेली. काकांनी हात वर करून बँड थांबवला. नवरदेव घोड्यावर, वऱ्हाड घामाघूम, आणि हे रस्त्यात उकिडवे बसून सळईला कान लावून. नवरदेवाचा मामा भांडायला आला तर त्यालाच ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. पाच मिनिटांनी फुली मारली, उठले, आणि बँडवाल्याला म्हणाले, "हां, आता वाजवा."

निवृत्त झाल्यावर सळई खात्यात जमा करायची असते म्हणे. त्यांनी केली नाही. दुसरीच कुठली तरी सळई जमा केली आणि ही घरी आणली. आयुष्यातला तेवढा एकच लबाडपणा, असं ते अभिमानाने सांगायचे.

तर अशा माणसाला निवृत्तीनंतर पडक्या किल्ल्यांचा आणि लेण्यांचा नाद लागला. सुट्टी आली की त्यांची स्वारी निघालीच, आणि एकटी कधी नाही. आम्ही दोघं, आमची मुलगी, भाभी आणि त्यांचे मुलगे, सगळी वरात बरोबर. काकू तेवढ्या यायच्या नाहीत. "दगड बघायला कशाला मरायला जाता उन्हातान्हात?" असं म्हणून त्या दार लावून घ्यायच्या.

पण दगड बघायला काका जातच नव्हते. ते पाणी बघायला जायचे. घारापुरीला सगळी माणसं मोठ्या मूर्तीपुढे गर्दी करून उभी, आणि हे आम्हाला घेऊन सरळ बाजूच्या टाक्यावर. "देव कुठं पळून नाय जात. आधी पानी बघा." दगडात कोरलेली पन्हळ कुठून येते, कुठे वळते, हे त्यांनी आम्हाला बोट ठेवून ठेवून दाखवलं. तासभर. मूर्ती आम्ही शेवटच्या लाँचआधी दहा मिनिटं पळत पळत बघितली. दुसऱ्या एका लेण्यात एक गाइड दहा-बारा पाहुण्यांना सांगत होता की हे गुप्त भुयार थेट समुद्रापर्यंत जातं, राजा संकटात इथून निसटायचा. पाहुणे माना डोलावत होते. काकांना राहवेना. मध्येच म्हणाले, "भुयार नाय ते. गटार हाय." गाइडचं तोंड बघण्यासारखं झालं. काकांना मात्र त्यात अपमानाचं काही वाटलंच नव्हतं. "एवढं सुंदर गटार आज कोन बांधून दाखवतो का बघा," म्हणत ते त्या गाइडलाच उतार समजावून सांगत बसले.

पोरांकडून त्यांनी तीन प्रश्न पाठ करून घेतले होते. कुठल्याही पडक्या जागी गेलं की विचारायचे. पाणी आलं कुठून? गेलं कुठे? भरलं कुणी? तिसऱ्या प्रश्नाला ते हळवे व्हायचे. एका टाक्याच्या पायरीवर मधोमध दगड झिजून खोलगट झाला होता. त्यांनी माझा हात धरून त्या खोलगट भागावर ठेवला. "बघ, विहीरबाई. राजा नाय आला इथं हंडा घेऊन. बायका आल्या. रोज आल्या. दगड झिजेपर्यंत आल्या." मला माझी आजी आठवली, आमच्या विहिरीच्या पायऱ्या चढणारी. मी रडले तिथे. कारण नसताना. काका नुसते शेजारी बसून राहिले.

चौथ्या-पाचव्या वर्षी घरात कुरबुर सुरू झाली. काकांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. दूध उतू जायचं, कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या व्हायच्या, दार वाजवून वाजवून माणसं परत जायची. त्यांची मुलगी डोंबिवलीला असते. तिने कानाचा डॉक्टर ठरवला, यंत्र बसवायचं म्हणाली. काका भडकले. "पस्तीस वर्षं जमिनीखालचं ऐकलं मी. मला यंत्र? कानात बटन घातलेला मानूस पानी काय ऐकनार?" राग खोटा होता, भीती खरी होती. कान गेला म्हणजे सळई गेली, सळई गेली म्हणजे मग राहिलं काय, असं त्यांना वाटत असणार. मला ते दिसत होतं.

काकूंचं निराळंच. ऐकू कमी येतं हे त्यांना पटत होतं, पण अर्धंच. "बहिरं नाय ते, बेरकी हाय," त्या मला म्हणायच्या. "माझं तेवढं ऐकू येत नाय. नळाचं थेंबभर गळलं तर जातात की पान्हा घेऊन!" आता थेंब गळतो तो दिसतो, हे काकूंच्या ध्यानात आलं नव्हतं. तेव्हा माझ्याही आलं नव्हतं.

एक दिवस मात्र गंमत झाली. काकू सकाळपासून स्वयंपाकघरातून काकांवर तोंड सोडून होत्या, गव्हाच्या पिठावरून की कशावरून. चांगला अर्धा तास. त्या भाजीला गेल्यावर काका माझ्या दारात आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "विहीरबाई, तुला काय बोलली का ग ही? हल्ली माझ्याशी बोलतच नाय. दोन वर्षं झाली. रुसलीय कशावर तरी." मी पोट धरून हसले. मला वाटलं, थट्टा करतायत. तेही थोडं हसले आणि गेले. ते हसणं आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

शेवटी शिवरात्रीच्या आदल्या दिवशी काकूंनी तुकडा पाडला. उद्या ज्या गडावर जाणार तिथे मीही येणार. तिथे तुम्ही सळई लावायची आणि जिवंत पाणी शोधून दाखवायचं, सगळ्यांसमोर. सापडलं तर डॉक्टरचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही सापडलं तर सळई माझ्या ताब्यात, गड बंद, आणि गुमान यंत्र. हे सगळं त्यांनी काकांच्या तोंडासमोर उभं राहून, हातवारे करून, ओरडून सांगितलं, त्यामुळे पोचलं. काका म्हणाले, "कबूल." आणि त्या संध्याकाळी अंगणात बसून सळईला खोबरेल लावत राहिले.

गडाचं नाव मी लिहीत नाही. काकांनी आमच्याकडून शपथच घेतली होती. नाव फुटलं की वेफर्सच्या पुड्या पोचतात, असं त्यांचं म्हणणं. नेरे गावाच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला एक वाडी आहे, तिथून पायवाट चढते एवढं सांगते. सहा आसनी रिक्षा ठरवून आम्ही वाडीपर्यंत गेलो. काकूंचा उपास, म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि उकडलेली रताळी. भाभींनी सांदणं आणली होती. पाणी अर्थातच नाही. माझी टॉवेलातली एक बाटली सोडून.

वाडीच्या टोकाला एक म्हातारी कातकरीण डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतरत होती. दोन्ही हात मोळीला. काका आमच्या बरेच पुढे होते. ते थांबले, तिच्याशी काहीतरी बोलले, ती काहीतरी बोलली. काकांनी हसून मान डोलावली, तिला हात जोडले आणि आम्हाला हात करून म्हणाले, "चला, चला! ऊन चढायच्या आत!" आम्ही निघालो.

चढ अंगावर येणारा होता. काकू दर वीस पावलांनी थांबून डोंगराला शिव्या घालत होत्या. पण खरं सांगते, वर पोचलो तेव्हा त्याच सगळ्यात जास्त खूश झाल्या. दरवाज्याची एक बाजू उभी, एक कोसळलेली. आत घरांची जोती, मधून उगवलेली निवडुंगं, एक अर्धा बुरूज. खाली सगळं पनवेल धुरकट पसरलेलं. "एवढ्या वर संसार केला बायांनी?" काकू एका जोत्यावर बसून म्हणाल्या. "चूल बघ ना इथं असेल." कोनाड्यासारखी एक जागा त्यांनी लगेच हेरली. काका माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते, बघ, हिलाही चढलं म्हणून.

आम्ही बसून खाल्लं. खिचडी, रताळी, सांदणं, सगळं घशाला चिकटणारं. माझी बाटली पोरांनी वाटेतच संपवली होती. "चला आता टाक्यावर," काका म्हणाले आणि आम्हाला मागच्या उतारावर घेऊन गेले.

तीन टाकी होती, एकाला एक लागून. पहिलं कोरडं. दुसरं कोरडं. तिसरं मोठं, आत दोन खांब कोरलेले, त्याच्यावरच काकांची सगळी मदार. त्यात तळाला भेगाळलेला चिखल आणि वाळकी पानं. मागच्या भिंतीशी माती ढासळून पडलेली. पाण्याचा टिपूस नाही.

माझी मुलगी पाच वर्षांची. "आई, पाणी," म्हणाली. मी उगाच तिचा चेहरा पदराने पुसला. टँकरराव पुटपुटला, "मी म्हणत होतो, दोन बाटल्या घेऊ." भाभींचा धाकटा रडायला लागला. भाभी अगदी अदबीने म्हणाल्या, "काका, पोरांचे घसे सुकले हो. उतरूया आपण. पैज राहू दे, तबियत महत्त्वाची." खाली उतरायला दीड तास, डोक्यावर बाराचं ऊन. मला भीती वाटू लागली, आणि रागही आला. लग्नघरी डबा नेत नाहीत म्हणे! पोराबाळांच्या जिवाशी खेळ नुसता.

काकू फक्त एवढंच म्हणाल्या, "बघा आता."

काका टाक्यात उतरले. सळईचं टोक कातळाला टेकवलं, बोंड कानाला लावलं, डोळे मिटले. त्यांनी मान हलवली, जागा बदलली. पुन्हा. दुसरा कान. पुन्हा जागा बदलली. खिशातून रुमाल काढून कान पुसला, बोंड पुसलं. सात-आठ ठिकाणी लावून झालं. माझा राग कुठल्या कुठे गेला. एरवी मी नवस बोलणारी नाही, पण त्या घटकेला मी मनात म्हटलं, देवा, यांना काहीतरी ऐकू येऊ दे, पाणी नसलं तरी चालेल.

मग काका आमच्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसले. आणि त्यांनी ते लाकडी बोंड दातांत धरलं.

मी आणि काकू एका अंगाला उभ्या होतो म्हणून आम्हाला दिसलं. कानाला येत नव्हतं ते दातांच्या हाडातून ऐकत होते. दात घट्ट आवळलेले, डोळे मिटलेले, दोन्ही हात सळईवर. तसेच गुडघ्यांवर सरकत ते एकेका वितीवर टोक टेकवत गेले. खांबाशी. खांबाच्या मागे. ढासळलेल्या मातीशी आले आणि थांबले. हनुवटीवरून लाळ ओघळत होती, ती पुसायचं भान नव्हतं. एक हात हळूहळू वर आला, वरातीतला बँड थांबवणारा हात हाच असणार. तोंडातून बोंड काढून ते म्हणाले, "हाय. आत पानी हाय. गाळ काढला पायजे."

मग काय विचारता! डब्यांची झाकणं, ताटल्या, चपटे दगड, हाताला लागेल ते घेऊन आम्ही तुटून पडलो. काकूंनी पदर खोचला आणि उपास असूनही आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माती उपसली. टँकररावाच्या हाताची साल निघाली. पाऊण तासाने मातीमागे एक चौकोनी भोक दिसलं, कडांवर छिन्नीचे घाव अजून स्पष्ट. आतून गार हवा आली. भाभींच्या मोठ्याने हात घातला आणि किंचाळला, "ठंडा! ठंडा पानी!" आत खोलीएवढं पोट होतं कातळाचं. वरच्या चिरेतून थेंब, थेंब, थेंब, आणि खाली गुडघाभर साठा.

काकूंनी पदराच्या टोकातून गाळून पहिली वाटी भरली. आधी पोरं, मग भाभी, मग मी. मी पुष्कळ ठिकाणचं पाणी प्यायले, पण तसं नाही. टँकरराव प्यायला आणि काकांच्या पायाच पडला. काका सगळ्यात शेवटी. भोकाशी वाकून ओंजळीने पीत होते, आणि आम्ही मागे टाळ्या पिटत होतो, पोरं काकांच्या नावाने ओरडत होती, सगळं टाकं घुमत होतं. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. निवांत पीत राहिले. मी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या टाळ्या थांबल्या होत्या.

निघताना काकांनी भोकापुढे दगडांची बुटकी आडभिंत रचून घेतली, माती पुन्हा आत जाऊ नये म्हणून. "उद्या कोनी येईल तहानलेला," म्हणाले.

उतरलो तर वाडीत तीच म्हातारी अंगणात बसलेली. आमचे चिखलाने माखलेले हातपाय बघून हसली. म्हणाली, "पानी मिलला काय? मी तुमच्या बाबाला सांगतला व्हता ना सकालीच, टाका आटलाय म्हनून. कोरडा हाय, पोरा घेऊन नको जाव. त्यो हसला नि गेला."

"कधी सांगितलंस?" काकूंनी विचारलं.

"आशी समोर उबी राहून सांगतला."

काका आमच्या शेजारीच उभे होते. म्हातारीकडे बघून त्यांनी हसून मान डोलावली आणि हात जोडले. अगदी सकाळसारखे.

रिक्षात काका भलतेच खुशीत होते. "जिंकलो का नाय? बोला!" एकेकाला विचारत होते. काकू त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. थोड्या वेळाने, बाहेर बघत, नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या सदऱ्याला माती लागलीय." काका डोंगराकडे बघत राहिले. "अहो," काकू पुन्हा म्हणाल्या. घर येईपर्यंत त्यांनी तोंड फिरवून घेतलं होतं आणि पदर डोळ्यांना लावला होता. दोन वर्षं त्या ज्याला बेरकी म्हणत होत्या, तो माणूस हात जोडून हसत होता. एवढंच करत होता, दोन वर्षं.

दिवेलागणीला मी चहा घेऊन मागच्या दारी गेले. काका ओट्यावर बसले होते, सळई मांडीवर. काकू आतून आल्या आणि त्यांनी सळई उचलली. काका दचकले. "ए, मी जिंकलो ना! ठरलं होतं आपलं!" काकू त्यांच्यासमोर खाली बसल्या, लाकडी बोंड त्यांच्या तोंडापुढे धरलं आणि दात आवळायची खूण केली. काकांनी पोरासारखं ते दातांत धरलं. सळईचं दुसरं टोक काकूंनी आपल्या हनुवटीला घट्ट लावलं. मी कप हातात घेऊन दारातच थबकले.

"चहात साखर किती घालू?" काकू म्हणाल्या.

काकांचे डोळे मोठे झाले. ते हलले नाहीत. काकूंनी पुन्हा विचारलं, तेच, तितक्याच हळू. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बोंड दातांत तसंच होतं, सोडायला तयार नव्हते. मग सोडलं आणि म्हणाले, "तू बोलतेस?"

काकूंनी मान डोलावली.

"मला वाटलं, तू रुसलीस."

काकूंनी बोंड पुन्हा त्यांच्या दातांत दिलं. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच. मी कप उंबऱ्यावर ठेवून परत आले आणि स्वयंपाकघरात उभी राहून मनसोक्त रडले. दारात येऊन विचारलं होतं त्यांनी मला, रुसलीय का म्हणून, आणि मी हसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा सदरा घालून फाटकात उभे. काकू कुलूप लावत होत्या. रिक्षा दारात. मला कळेना. मी त्यांच्या अगदी समोर जाऊन, तोंड मोठं करून, हातवारे करून विचारलं, "काका, कुठे? पैज तर तुम्ही जिंकलात ना?"

त्यांनी सळई माझ्या हातात दिली. सांभाळ म्हणाले. मग एका बोटाने स्वतःच्या कानावर टकटक केलं. "आत पानी हाय, विहीरबाई," ते म्हणाले. "गाळ काढायला चाललोय."